तीन नंबरचं शेड

९ फेब्रुवारी, सोमवार

सव्वादोन वर्षं इथे एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागते आहे ते ठाऊक नाही, वहीची म्हणू. माझा नवरा, कौतिक, गेल्यानंतर लिहिण्यासारखं काही नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. लिहिलं असतं तर कधीतरी वाचावं लागलं असतं.

आज लिहायलाच हवं, कारण आज मी खूश आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी मला माझ्या विषयातली नोकरी मिळाली. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी होऊन एकोणीस वर्षं झाली, त्यातली सतरा धुळ्याच्या एका कार्यालयात आवक-जावक बघण्यात गेली. आता रावेरपासून सहा किलोमीटरवर, टिश्यूकल्चर केळीच्या रोपवाटिकेत, मी चाचणीच्या नोंदी ठेवणार. मागे दोन खोल्यांचं घर. खिडकीतून सातपुडा दिसतो, आणि त्याच्या अलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर केळी.

रमजानभाईंच्या पिकअपमधून आले. ते इथली रोपं धुळ्याकडे पोचवतात, परतताना गाडी रिकामी असते. माझी पेटी, गॅस आणि पुस्तकांचे दोन खोके त्यांनी स्वतः चढवले. म्हणाले, मॅडम, इतकी वर्षं रोपं इकडून धुळ्याला नेली, धुळ्याचं रोप इकडे पहिल्यांदाच आणतोय. वाटेत पाणी मारावं लागेल का? आणि अमळनेरला थांबून चहा पाजला.

व्यवस्थापक हितेंद्र पस्तिशीचे, रावेरचेच. म्हणाले, इथे केळीला सगळं मिळतं, माणसाला फक्त केळी मिळतात.

माझी लेक भूमिका धुळ्यातच राहिली, माझ्या भावाकडे, नवलकडे. नववीचं वर्ष मध्येच मोडायचं नाही असं तिनेच ठरवलं. रोज संध्याकाळी सात वाजता फोन, आणि मे महिन्यात पूर्ण सुट्टी इथे. निघताना तिने मला इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वळ अजून आहे. बरं वाटतं आहे बघून.

१२ फेब्रुवारी

काम समजलं. वाचताना कळावं म्हणून नीट लिहून ठेवते.

बाटलीत वाढलेलं रोप फार लाडावलेलं असतं. बाटलीत हवा पूर्ण ओली, म्हणून त्याच्या पानावर मेणाचा थर नसतो आणि पानांची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. तसंच उचलून शेतात लावलं तर तासाभरात वाळेल. म्हणून आधी एक नंबरचं शेड, तिथे धुकं सोडतात. मग दोन नंबर, तिथे पाणी हळूहळू तोडतात. याला हार्डनिंग म्हणतात. गंमत अशी की बाटलीतलं पान कधीच बदलत नाही. ते पिवळं पडून जातं आणि नवं येणारं पान वेगळंच येतं, जाड, मेणाचं, उन्हात छिद्रं मिटणारं. रोप तेच, जनुकं तीच. जागेप्रमाणे अंग वेगळं. इथली लाखभर रोपं एकाच रोपाच्या प्रती आहेत, त्यामुळे फरक दिसला तर तो जागेचाच, हे छातीठोकपणे सांगता येतं. कॉलेजात हे मला पाठ होतं. आज बोटाने चाचपून पाहिलं.

तीन नंबरचं शेड ही चाचणी आहे. उन्हाळे वाढत चालले, म्हणून मालकांना सत्तेचाळीस अंशातही न करपणारं रोप हवंय. तिथे झडपा बंद असतात. आत्ता फेब्रुवारीतही दुपारी आत त्रेचाळीस.

तिथे पाच बायका काम करतात. मुख्य पुष्पाबाई, साठीच्या, माहेर अमळनेरकडचं आणि बोली अजून तिथलीच, अहिराणी. त्यांची एक पद्धत मजेशीर वाटली. नव्या ट्रेला तारखेची पांढरी पट्टी खोचतात, तशी नव्या बाईच्या नावाचीही एक दाराजवळच्या ट्रेमध्ये खोचतात. माझी: ‘कुंदन, ९-२’. आणि रोपासारखंच माणसाचंही वेळापत्रक. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग वाढवत जायचं. मला हे शहाणपणाचं वाटलं. कोणत्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं.

२० फेब्रुवारी

पंधरा मिनिटांत ब्लाउज पिळून काढावा लागतो. पुष्पाबाई हसतात. “धुयानी बाई बरफनी शे, पाव घंटामा बठ्ठी पाणी.” बर्फाची बाई, पाव तासात सगळं पाणी, म्हणून बाकीच्याही हसल्या. मीही.

मात्र एक पाहिलं. त्या पाचही जणी सकाळपासून आत होत्या आणि कोणाच्या पाठीवर घामाचा डाग नव्हता. दाराजवळचा माठ भरलेला, त्यावर धुळीची साय. दिवसभरात मी सोडून कोणी पाणी प्यायलं नाही.

सवयीने होत असेल. मी नवी आहे, मला सगळ्याचंच नवल वाटतं.

८ मार्च

आता एक तास. डोकं दुखणं थांबलं.

आज मोहिनीशी बोलले. पाच जणींतली सर्वांत लहान, तेविशीची. गरोदरपणी नऊ महिने तिने याच शेडमध्ये काम केलं, नोव्हेंबरात मुलगी झाली. चार महिन्यांची ती मुलगी आत, ट्रेंच्या मांडणीला बांधलेल्या झोळीत झोपते. चव्वेचाळीस अंशात! मी रागावले. मोहिनी म्हणाली, ताई, मग तुम्हीच बाहेर नेऊन बघा.

नेली. बाहेर सावलीत एकतीस होतं, वारा बरा होता. पोरीचे ओठ निळे पडले, मुठी आवळल्या, अंग काठीसारखं झालं. रडली मात्र नाही. आत आणल्यावर दोन मिनिटांत सैल पडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मोहिनी म्हणाली, जन्मापासून ही रडलेली नाही. सासू म्हणते, गुणाची आहे.

एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. निदान अशी नाहीत. आईच्या पोटातल्या परिस्थितीचा परिणाम असू शकतो, तो बऱ्याच प्राण्यांत दिसतो. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. हे सगळं मी हितेंद्रना सांगितलं. त्यांनी काचेपलीकडून शेडकडे पाहिलं. त्यांच्या केबिनला एसी आहे, तापमान त्यांना पडद्यावर दिसतं. आत ते येत नाहीत. म्हणाले, मॅडम, रोपांचं बोला ना.

२२ मार्च

दोन तास. घाम थांबला.

आधी आनंद झाला. मग जुनी पुस्तकं काढली आणि आनंद गेला. माणूस उन्हाला सरावतो तेव्हा त्याला घाम लवकर आणि जास्त येतो, कमी नाही. घाम हीच आपली सोय. छिद्रं मिटून पाणी राखणं ही पानाची रीत आहे.

माझी मापं चुकत असतील. उद्यापासून रोज तीन वेळा ताप मोजणार, तोच थर्मामीटर, तीच वेळ.

२९ मार्च

आत असताना ताप: ३९.१, ३९.४, ३९.३. काही त्रास नाही. भूक कमी.

हाताचं कातडं कोपरापर्यंत पापुद्र्याने निघालं, दुखलं नाही. खालचं नवं कातडं गुळगुळीत आहे. नळाखाली धरलं तर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. कोपराच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी. पुसली; सकाळी परत.

पुष्पाबाईंना दाखवलं. त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला, तसाच. “जुनं पान जास, नवं येस,” म्हणाल्या. मायेने म्हणाल्या असं लिहिणार होते, पण माया होती का ते मला सांगता येणार नाही.

५ एप्रिल

भूमिकाचा फोन. मैत्रिणीशी भांडण झालं, सगळ्या वर्गासमोर बोलली ती हिला काहीबाही. हुंदके देऊन सांगत होती. मी ऐकत होते आणि भिंतीवरची पाल मोजत होते, म्हणजे पालीच्या धापा मोजत होते. मिनिटाला किती. भूमिका थांबली आणि तिने विचारलं, आई, तू आहेस ना?

मी म्हटलं, आहे.

कौतिकचा फोटो काढून पाहिला. सव्वादोन वर्षं जमलं नव्हतं. आज जमलं. पुष्कळ वेळ पाहिला, काही झालं नाही. यालाच सावरणं म्हणत असतील. तसं असेल तर चांगलं आहे. पण मग फोटो उलटा ठेवायला मला कोणी सांगितलं, आणि मी तो ठेवलाय.

१६ एप्रिल

चाचणी केली. बदल जागेचा असेल तर जुन्या जागी परत नेल्यावर तो मागे फिरतो. मुरलेला असेल तर फिरत नाही. म्हणून चार दिवस धुळ्याला गेले.

फिरला नाही. नवलच्या घरी कूलर होता. मी रजई घेऊन बसले आणि तरी बोटं उघडेनात. भूमिका धावत येऊन गळ्यात पडली आणि लगेच बाजूला झाली. म्हणाली, आई, तू टेबलावरच्या प्लास्टिकसारखी लागतेस. मग तिला वाईट वाटलं आणि तिने पुन्हा मिठी मारली, डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते. काहीतरी जळाल्याचा वास आला, म्हणून बघितलं. डावा तळवा तव्यावर टेकलेला होता. किती वेळ, माहीत नाही. भूमिकाने ओढून काढला. मलम लावताना ती रडत होती आणि मी तिला सांगत होते की पट्टी जरा सैल बांध. रात्री तिने नवलला सांगितलेलं मी ऐकलं: मामा, आईला परत जाऊ देऊ नको.

मी आले. इथे बोटं उघडतात.

येताना रमजानभाई नेहमीसारखे बोलत नव्हते. रावेर आल्यावर म्हणाले, गेल्या मे महिन्यापासून ते तीन नंबरच्या दारात पाय ठेवत नाहीत. चौदा बायका लागल्या होत्या कामाला. पाच शहाण्या निघाल्या, पळाल्या. चौघींना याच गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. दोघी घरी गेल्या. उरलेल्या दोघींबद्दल त्यांनी फक्त स्टिअरिंगवरचे हात उचलून दाखवले. मग म्हणाले, मॅडम, राग मानू नका, पण गाडीत तुमच्या बाजूची काच मी मघापासून बघतोय. एवढ्या उन्हात ती बंद आहे, आणि तुम्हाला घामाचा थेंब नाही.

१८ एप्रिल

पुष्पाबाईंचं रजिस्टर पाहिलं. पुढे रोपं: तारीख, संख्या, मर, म्हणजे किती मेली. मागच्या पानांवर त्याच रकान्यांत बायका. चौदा नावं, प्रत्येकीचे तास. ‘मर’च्या रकान्यात दोन खुणा.

विचारलं. त्यांनी लपवलं नाही. “चौदामाईन पाच टिकन्यात,” म्हणाल्या, जसं ट्रेचं सांगतात. त्या दोघी कोण होत्या विचारलं तर म्हणाल्या, एक मनी भाची व्हती, म्हणजे त्यांची स्वतःची.

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. मग दोनच्या नोंदीची वेळ झाली.

२५ एप्रिल

चार तास. ताप ४०.२.

एक प्रश्न सुटत नाही. मी टिकले, ती भाची टिकली नाही. हे माझ्या अंगातच होतं, की मला वेळ हळू वाढवून मिळाला म्हणून? रोपांत हे सहज कळतं, एकाच रोपाच्या दोन प्रती दोन जागी ठेवायच्या. माझी प्रत नाही.

निम्मी आहे.

हा विचार मी खोडते. वरची ओळ खोडली असं समजावं. पेनाने खोडली नाही, कारण नोंद खोडायची नसते.

१ मे

परीक्षा संपली. भूमिका येते म्हणते. सुट्टीसाठी नाही, मला घेऊन जायला. नवलशी भांडून परवानगी काढली. रमजानभाईंबरोबर येईल, दोन दिवस राहील, मला गाडीत बसवेल आणि थेट धुळ्यातल्या डॉक्टरकडे. तिने डॉक्टरचं नावही काढून ठेवलंय. चौदा वर्षांची आहे.

तिला नाही म्हणायला हवं. तिला दाराजवळही येऊ देता कामा नये. हे मला कळतं, स्पष्ट कळतं, जसं एखाद्या गावाचं नाव नकाशावर वाचता येतं.

तिने दोनदा विचारलं, येऊ ना?

मी म्हटलं, ये.

६ मे

आली. पाठीवर शाळेचीच बॅग, त्यात दोन ड्रेस आणि माझ्यासाठी मलम. रमजानभाई म्हणाले, परवा सकाळी गाडी दाराशी लावतो, मॅडम, तयार राहा. नाहीतर ही तुमची पोरगी मला रस्त्यावर उतरवून स्वतः गाडी चालवेल. ती हसली. मी पण तोंड तसं केलं.

पुष्पाबाईंनी पट्टी आधीच लिहिली होती. ‘भूमिका, ६-५’.

मी नाही सांगितलं त्यांना. मी सांगितलं का?

भूमिका म्हणाली, आई काम कुठे करते ते एकदा बघायचंय. पंधरा मिनिटं. भरपूर घाम. पुष्पाबाई म्हणाल्या, “कोवयी शे, लवकर शिकी.”

८ मे

रमजानभाई आले. फाटकावर हॉर्न. हितेंद्रनी आतून सांगितलं, मॅडम कामात आहेत, नंतर या. मी कामात होते. भूमिका माझा हात धरून ओढत होती, भाजलेला. आई, चल. आई, गाडी आली. मी चालत होते तिच्याबरोबर, दारापर्यंत गेले. बाहेर छत्तीस होतं. बोटं आवळली, गुडघे —

परत आत आले. ती एकटी जाऊ शकली असती. फाटक वीस पावलांवर. मला सोडून गेली नाही. माझ्याजवळ बसून राहिली, तासभर.

वेळापत्रकात एक तास चौथ्या आठवड्यात येतो. हे मी तिथेच लिहिलं, पण तिला उठवलं नाही.

१० मे

तिचा मोबाइल बंद. आत तापून बंद पडतात.

दोन तास. ती माझ्यापासून हलत नाही. मी बाहेर आले की ती येईल, सोपं आहे. मी बाहेर —

तिचा ताप ३८.९. डोकं दुखतं म्हणाली. माठातलं पाणी संपवलं.

मी तिला गावी जा म्हटलं. पाच वेळा म्हटलं. मोजलं. आवाज बरोबर नव्हता. ती म्हणाली, आई, असं नको बोलूस, मोहिनीच्या बाळासारखं बघतेस तू.

१२ मे

४५ अंश. तिला उलटी झाली. मग हसली. मग मला मावशी म्हणाली.

तळव्याची जखम दाबून पाहिली, अंगठ्याने, आतपर्यंत. काहीतरी यावं म्हणून. पांढरं पाणी आलं.

भीती वाटायला हवी. कशी असते ते आठवतं — पोटात खाली काहीतरी — शब्द आठवतात.

पुष्पाबाई म्हणाल्या, आज-उद्या समजी जाई.

१३ मे

दुपारी एक. तिचा घाम थांबला.

याचे दोन अर्थ होतात. एक, ती टिकली. दुसरा, उष्माघात, त्यातही कातडं असंच कोरडं होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ताप ४०.६. माझाही तेवढाच आहे. म्हणून तुलना होत नाही.

हात नळाखाली धरला. तिच्या हातावर पाणी पसरतं. थेंब होत नाही. पसरतं.

म्हणजे दुसरा.

दोन वाजता हाक मारली, ओ दिली नाही. डोळे उघडे. मोहिनीने झोळी बाजूला सरकवून तिला जागा दिली.

आत्ता, या मिनिटाला तिला उचलून बाहेर न्यायला हवं. हे वाक्य बरोबर आहे. मी दोनदा वाचलं. वीस पावलं. आतून काही ढकलत नाही, म्हणून कागदावर घेते. लिहिलेलं काम मी करते, कधी चुकवलं नाही. पण तीनची नोंद व्हायची आहे, आणि चारची, आणि बाहेर आता —

उद्या: भूमिकाला बाहेर काढणे